आधी सगळे पाहा, मग नेम धरा



धनुष्यबाण म्हटले की आपल्याला अर्जुन आठवतो. द्रोणाचार्यांनी झाडावर खोटा पक्षी ठेवला आणि एकेका शिष्याला विचारले, "तुला काय दिसते?" कुणी म्हणाले झाड, कुणी म्हणाले फांद्या, कुणाला आपले भाऊ दिसले. अर्जुनाला मात्र पक्ष्याचा डोळाच दिसला. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण अर्जुनाचा बाण चुकला असता तर तो कुठे गेला असता, हे त्या गोष्टीत कुणी विचारत नाही. माझ्या आईने मात्र ते पहिल्याच दिवशी विचारले.

आमची वस्ती भीमा नदीच्या काठी आहे. नदीच्या अलीकडे आपला शिरूर तालुका आणि पलीकडे दौंड तालुका. मामाचे गाव पलीकडे आहे. मामाच्या दादाने खेळाच्या दुकानातून बांबूचे धनुष्य आणि सहा बाण आणले. सुट्टीत तो आमच्याकडे आला. आपल्या परसात सरावाचे मैदान करायचे, असे आम्ही ठरवले. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "नेम लागंल तवा लागंल. चुकलेला बान कुठं जाईल ते आधी दाव. मगच धनुष्याला हात लाव."

आमचे मैदान या एका प्रश्नावर उभे राहिले. ते कसे केले, ते या पाठात सांगते.

आपल्या जवळचे धनुर्धर

धनुर्विद्या फक्त पुराणात आहे असे समजू नका. दौंडच्या दक्षिणेला बारामती आणि नीरा नदी ओलांडली की फलटण तालुका लागतो. तिथल्या सरडे गावचे प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. हे ऑलिंपिक २०२१ साली झाले. त्यांचे आईवडील मजुरी करायचे. ते आपल्यासारख्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले. तिथले शिक्षक विकास भुजबळ यांनी त्यांना आधी पळायला लावले. पुढे त्यांची सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत निवड झाली आणि तिथे ते धनुर्विद्येकडे वळले. त्याआधी २०१९ साली नेदरलँड्समधल्या जागतिक स्पर्धेत भारताच्या पुरुष संघाला रौप्यपदक मिळाले. त्या संघातही ते होते.

सातारा जिल्ह्यातल्या अदिती स्वामी तर १७ व्या वर्षीच जगज्जेत्या झाल्या. ५ ऑगस्ट २०२३ रोजी जर्मनीतल्या बर्लिन शहरात त्यांनी अंतिम सामना १४९ विरुद्ध १४७ गुणांनी जिंकला. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळे यांनी पुरुषांच्या अंतिम सामन्यात १५० पैकी १५० गुण मिळवले. म्हणजे १५ बाण सोडले आणि पंधराही बाण दहाच्या वर्तुळात! या दोघांचे धनुष्य चाकांचे असते. त्याला कंपाउंड धनुष्य म्हणतात. आपल्या देशात बांबूच्या धनुष्याच्याही वेगळ्या स्पर्धा होतात. त्याला इंडियन राउंड म्हणतात. नवी मुले बहुधा याच धनुष्यावर शिकू लागतात, कारण ते स्वस्त असते.

जागा कशी निवडली

आम्ही परसाच्या तीन बाजू पाहिल्या.

पहिली बाजू गोठ्याची. तिथे सावली चांगली, पण कुडामागे गाय आणि दोन शेळ्या बांधलेल्या असतात. कूड म्हणजे भिंत नव्हे. तुराट्यांच्या फटीतून बाण आरपार जातो. ही बाजू सोडली.

दुसरी बाजू रस्त्याची. तिथे विटांची भिंत आहे. भिंतीमुळे बाण थांबेल असे वाटते, पण विटेवर किंवा दगडावर लागलेला बाण उलटा उडतो. शिवाय भिंतीपलीकडून शाळेची वाट जाते. ही बाजूही सोडली.

तिसरी बाजू आमच्या पडीक रानाची. घराचा पाया खोदला तेव्हा निघालेल्या मातीचा ढीग तिथे पडला होता. ढीग दोन मीटर उंच आणि पाच मीटर रुंद आहे. पुढच्या बाजूचे दगडगोटे आम्ही वेचून काढले आणि वर भुसभुशीत माती टाकली. ढिगामागे पडीक रान लांबवर मोकळे आहे. वाट नाही, घर नाही, गोठा नाही. आईने ढिगावर चढून चारी बाजूंना पाहिले आणि मगच हो म्हणाली.

मोकळे रान लांबवर कशाला, मातीचा ढीग आहे ना? हे मी गुरुजींना विचारले. त्यांनी फळ्यावर हिशेब करून दाखवला. समजा साध्या धनुष्याचा बाण सेकंदाला ३० मीटर वेगाने सुटला. तो आकाशाकडे तिरपा, म्हणजे ४५ अंशांत सोडला, तर सुमारे ९० मीटर लांब जाऊन पडेल. हवा त्याला थोडे अडवते, तरीपण तो लांब जाईलच. ९० मीटर म्हणजे आपल्या शाळेच्या फाटकापासून पाराच्याही पुढे. म्हणून आमचा पहिला नियम असा झाला: आकाशाकडे बाण कधीच सोडायचा नाही, गमतीतसुद्धा नाही.

मैदानाची आखणी

नवशिक्यांना १० मीटर अंतर पुष्कळ होते. टेप घेऊन आम्ही टारगेटपासून १० मीटरवर चुन्याची एक रेघ मारली. ही नेमाची रेघ. तिच्या मागे ५ मीटरवर दुसरी रेघ मारली. ही थांबायची रेघ. ज्याची पाळी आहे तो एकटाच पहिल्या रेघेवर जातो. बाकी सगळे दुसऱ्या रेघेच्या मागे. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकून सुतळी बांधली आणि तिला जुन्या लाल साडीच्या चिंध्या लावल्या. लांबूनही कुणाला समजावे की इकडून जायचे नाही.

टारगेट कसे केले

आम्ही दोन प्रकारची टारगेटे करून पाहिली. एक शिरूरचे आणि एक दौंडचे, असे आम्ही हसून म्हणतो.

शिरूरचे टारगेट पुठ्ठ्याचे. रांजणगावला एमआयडीसी आहे. तिथल्या कारखान्यांत मालाचे मोठाले खोके येतात आणि ते भंगारच्या दुकानात किलोवर मिळतात. खोके फोडून त्यांच्या ७० सेंमी लांब आणि ३० सेंमी रुंद पट्ट्या कापल्या. पट्ट्या एकावर एक रचून ७० सेंमी उंच थप्पी केली. पुठ्ठा ३ मिलिमीटर जाड धरला तर अशा २३३ पट्ट्या लागतात. दाबल्यावर थप्पी खाली बसते, म्हणून आणखी घालाव्या लागतात. वर एक आणि खाली एक फळी ठेवून नायलॉनच्या दोरीने थप्पी करकचून बांधली. दोरीत काठी घालून पीळ दिला. ट्रॉलीत भरलेला ऊस आवळतात ना, अगदी तस्सं.

ही थप्पी अशी ठेवायची की पट्ट्यांच्या कडा आपल्याकडे येतील. बाण पट्टी फोडत नाही, तो दोन पट्ट्यांच्या मधे शिरतो. दोन्ही बाजूंनी पट्ट्या त्याला धरतात आणि घर्षणाने तो थांबतो. थप्पी जितकी आवळलेली, तितके घर्षण जास्त.

दौंडचे टारगेट चिंध्यांचे. मामाने दोन बारदाने घेतली आणि एकात एक घातली. जुनी धोतरे, साड्या, सदरे यांच्या चिंध्या करून त्यात पायाने दाबून भरल्या. बटणे, हूक आणि चेन आधी कापून काढल्या, नाहीतर त्यावर लागून बाण उलटतो. बारदान भरले की बोट खुपसून पाहावे. बोट शिरले तर अजून चिंध्या हव्यात. तोंड दाभणाने शिवून टाकावे.

उसाचे पाचटही भरून पाहिले, कारण ते फुकट आणि भरपूर. पण पाचट दबून खाली बसते आणि वरची बाजू पोकळ राहते. शिवाय ते हाताला कापते. म्हणून नुसत्या पाचटाचे टारगेट करू नये, असे आमचे मत आहे.

कोणते टारगेट चांगले? पुठ्ठ्यातून बाण सहज निघतो, पण पाऊस लागला की पुठ्ठ्याचा लगदा होतो. चिंध्यांचे टारगेट जास्त दिवस टिकते, पण भिजले तर एका माणसाला उचलत नाही. दोन्ही पत्र्याखाली ठेवावीत. नवीन टारगेटवर पहिले बाण मोठ्या माणसाने सोडावेत. मागे जाऊन पाहावे. टोक मागून बाहेर आले असेल तर टारगेट आणखी जाड करावे.

टारगेट ठेवायला तीन वाशांची तिवई केली. टारगेटचा मध्य जमिनीपासून एक मीटर उंच ठेवला. वासे चकतीच्या मागे झाकलेले असावेत, समोर येऊ नयेत. मोठ्या स्पर्धेत ७० मीटरवरून नेम धरतात. तिथे चकती १२२ सेंमीची असते आणि तिचा मध्य जमिनीपासून १३० सेंमी उंच असतो.

चकती आणि तीनचा पाढा

आमची चकती ६० सेंमीची आहे. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू खळीने चिकटवून मोठा कागद केला. मध्ये खिळा, खिळ्याला दोरा, दोऱ्याच्या टोकाला पेन्सिल, झाला कंपास! दहा वर्तुळे काढायची. त्रिज्या ३, ६, ९, १२ अशा ३० सेंमीपर्यंत. म्हणजे तीनचा पाढा.

रंग घरातलेच. आतली दोन वर्तुळे पिवळी, ती हळदीने रंगवली. पुढची दोन तांबडी, गेरूने. मग दोन निळी, कपड्याच्या निळीने. मग दोन काळी, कोळशाने. बाहेरची दोन पांढरी, ती कागदाची तशीच ठेवली. खऱ्या स्पर्धेतही रंगांचा क्रम असाच असतो. मध्याला १० गुण आणि बाहेर येताना एकेक कमी, शेवटच्या वर्तुळाला १.

आता एक मजेदार हिशेब पाहा. दहा गुणांच्या वर्तुळाची त्रिज्या ३ सेंमी आणि सगळ्या चकतीची ३० सेंमी. त्रिज्या दहापट, म्हणून क्षेत्रफळ शंभरपट. म्हणजे चकतीचे १०० सारखे भाग केले तर दहा गुणांच्या वाट्याला फक्त १ भाग येतो. नऊच्या कड्याला ३ भाग, आठच्या कड्याला ५, सातच्या ७, असे करत एक गुणाच्या कड्याला १९ भाग. सगळ्या विषम संख्या! त्यांची बेरीज करा, बरोबर १०० येते. डोळे मिटून मारलेला बाण चकतीवर लागलाच तर तो बाहेरच्या कड्यात का लागतो, ते यावरून कळेल.

बाण खाली का येतो

सेकंदाला ३० मीटर जाणारा बाण १० मीटर अंतर एकतृतीयांश सेकंदात तोडतो. तेवढ्या वेळातही पृथ्वी त्याला खाली ओढते. आडवा, सरळ सुटलेला बाण तिथे पोचेपर्यंत सुमारे ५४ सेंमी खाली येतो. म्हणून धनुष्य किंचित वर उचलावे लागते. ते किती उचलायचे हे सरावाने कळते. तोपर्यंत काही बाण टारगेटच्या वरून जाणारच. मागचा ढीग टारगेटपेक्षा उंच का हवा, याचे उत्तर इथे आहे.

शिट्टीचे नियम

मोठ्या स्पर्धेत जे इशारे असतात तेच आम्ही घेतले. शिट्टी नेहमी मोठ्या माणसाकडे. आमच्याकडे ती आजोबांच्या गळ्यात असते.

दोन शिट्ट्या: नेमाच्या रेघेवर या.
एक शिट्टी: बाण लावा आणि सोडा.
तीन शिट्ट्या: थांबा, धनुष्य खाली ठेवा, बाण आणायला चला.
पाच किंवा जास्त शिट्ट्या: धोका! जिथे आहात तिथे थांबा. ताणलेली दोरी हळूच सैल करा. बाण सोडू नका.

एकदा कोंबडीची पिले सुतळीखालून आत आली, तेव्हा आजोबांनी पाच शिट्ट्या दिल्या. पिले बाहेर जाईपर्यंत सगळे गप उभे. "पिलू असू दे न्हायतर पोरगं, शिट्टी एकच," असे आजोबा म्हणतात.

एक शिट्टी झाली तरी बाण लावण्याआधी आम्ही चारी बाजूंना पाहतो आणि मोठ्याने सांगतो: "ढीग दिसतो. रान मोकळं आहे. सगळे मागं आहेत." मगच चकतीच्या पिवळ्याकडे पाहायचे. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत ज्यांना झाड, फांद्या आणि भाऊ दिसले ते नापास झाले. आमच्या परसात ते आधी पास होतात. भाऊ कुठे उभा आहे हे ज्याला दिसत नाही, त्याच्या हातात आम्ही बाण देत नाही. आधी धर्मराजासारखे सगळे पाहायचे आणि मग अर्जुनासारखे एकच.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा:

१. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये. बाणाला जायचे बळ धनुष्यालाच बसते आणि कमान मोडते.
२. बाण लावलेले धनुष्य माणसाकडे, जनावराकडे, पाखराकडे कधीही रोखू नये.
३. वेणी मागे बांधावी, ओढणी खोचावी, बांगड्या काढाव्यात. डाव्या हाताच्या कोपराखाली जुना मोजा कापून घालावा, म्हणजे दोरीचा फटका लागत नाही.
४. बाण आणायला चालत जावे, पळत नाही. टारगेटमधल्या बाणाचे मागचे टोक डोळ्यात जाऊ शकते.
५. एक हात टारगेटवर दाबून दुसऱ्या हाताने बाण सरळ ओढावा. ओढणाऱ्याच्या पाठीमागे कुणी उभे राहू नये.
६. खेळ संपला की दोरी उतरवावी. बांबू सतत वाकलेला राहिला तर त्याचा जोर जातो. धनुष्य आणि बाण कुलपात, किल्ली आईकडे.
७. काडीला खिळा लावून घरी बाण करू नये. तो सरळ जात नाही, आणि कुठे जाईल ते कुणालाच सांगता येत नाही.

बाण मोजा

आम्ही एका वेळी तीनच बाण घेतो. तीन गेले, तीन आले पाहिजेत. एक जरी कमी भरला तर खेळ बंद आणि सगळ्यांनी शोधायचे. पालकांना याचे कारण लगेच कळेल. गवतात राहिलेल्या बाणाचे लोखंडी टोक उद्या चाऱ्यातून गाईच्या पोटात जाईल. गाय चारा चावून निवडत नाही, ती खिळा-तार सगळे गिळते आणि ते लोखंड तिच्या पोटात टोचते. कडबाकुट्टीत टोक गेले तर पाते मोडेल आणि तुकडा उडून माणसाला लागेल.

दुसरी गोष्ट उसाची. आपल्या शिरूर-दौंड भागात नदीकाठी सगळीकडे ऊस आहे आणि उसात बिबट्या राहतो. २०२५ च्या ऑक्टोबर आणि नोव्हेंबर महिन्यांत आपल्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे गेली. त्यात लहान मुलेही होती. म्हणून आमच्या मैदानाचे तोंड उसाकडे नाही. ढिगाला चुकून एखादा बाण उसाकडे गेलाच, तर तो गेला असे समजायचे. आत शिरायचे नाही. सराव सकाळी ऊन पडल्यावर करायचा, तिन्हीसांजेला नाही. हातात धनुष्यबाण आहे म्हणून बिबट्याला पळवू, असेही कुणी मनात आणू नये. आपले धनुष्य कागदाच्या चकतीसाठी आहे.

खर्च काय आला? धनुष्यबाण दादाचे होते. आमचा खर्च भंगारचा पुठ्ठा, दोरी, चुना आणि शिट्टी एवढाच. माती, वासे, चिंध्या घरच्याच. पण मोठ्या माणसाचा एक तास मात्र लागतो. तो दिल्याशिवाय हे मैदान उघडत नाही. पालकांनो, धनुष्य विकत मागितले तर लगेच नको म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका. आमच्या आईसारखे विचारा, "चुकलेला बाण कुठे जाईल?" ज्याला परसात उभे राहून याचे उत्तर देता येईल, त्याला शिकू द्या.

स्वाध्याय

१. १५ बाणांत १४९ गुण झाले. किती बाण दहावर आणि किती नऊवर लागले?
२. आमच्या चकतीचे १०० भाग धरले तर पिवळ्या रंगाचे भाग किती? तांबड्याचे, निळ्याचे, काळ्याचे, पांढऱ्याचे किती? बेरीज १०० येते का ते पाहा.
३. १२२ सेंमीच्या चकतीत दहा सारख्या रुंदीची वर्तुळे काढली तर प्रत्येक कडे किती सेंमी रुंद होईल?
४. तुमच्या परसाचा नकाशा काढा. त्यात गोठा, वाट, विहीर, ऊस आणि शेजाऱ्यांचे घर दाखवा. चुकलेला बाण कुठे जाईल, ती रेघ लाल पेन्सिलने काढा. ती रेघ कशालाही लागत नाही अशी एक तरी जागा सापडते का? सापडली नाही तर परसात मैदान करू नका. शाळेच्या मैदानावर जागा मिळेल का, ते गुरुजींना विचारा.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी